नैनात मोठे प्लॉट आणि उंच भिंती नकोत, छोटे प्लॉट आणि चालता येतील असे रस्ते हवेत. तुमचं मत काय?

कामोठेकर

नैनाचा विषय निघाला की लोक एकच विचारतात, भाव कुठपर्यंत जाणार. मला भावाबद्दल बोलायचं नाहीये, तिथे वस्ती कशी होणार त्याबद्दल बोलायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, नैना म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीचा अधिसूचित पट्टा, २०१३ पासून तिथलं नियोजन सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे आहे. नगररचना योजना करून शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, नव्याने रस्ते आणि प्लॉट आखायचे, मूळ मालकाला ४० टक्के जमीन विकसित प्लॉट म्हणून परत द्यायची आणि बाकीच्यातून रस्ते, शाळा, बागा, दवाखाने काढायचे अशी पद्धत आहे.

आता माझा मुद्दा. प्लॉट केवढा आहे आणि रस्ता किती अंतरावर फुटतो, यावर पुढची शंभर वर्षं तिथला माणूस चालणार की गाडी काढणार हे ठरतं. बाग, सायकल ट्रॅक, कारंजं हे सगळं नंतर करता येतं, पण एकदा दहा एकराचा प्लॉट पडला आणि भोवती भिंत उठली की त्यातून गल्ली काढायला कुणीही येत नाही.

उदाहरण घरचंच देतो. नवी मुंबईत जिथे लोक खरोखर पायी कामं उरकतात ते भाग बघा, कामोठे, घणसोली, कोपरखैरणे, जुनं खारघर. यातला मोठा भाग साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभा आहे. १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, शेतकरी नेते दि. बा. पाटलांनी तो लढा लावून धरला, त्यातून नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायला लागली. ते प्लॉट लहान होते, दीड एफएसआय होता, म्हणजे प्लॉटच्या दीडपट बांधकाम करता येत होतं, खाली दुकानं काढायची मुभा होती. म्हणून बिल्डिंगी लहान झाल्या, खाली चक्की, टेलर, मेडिकल, पोळीभाजी केंद्र, झेरॉक्स, क्लासेस आणि वर वनआरके, वनबीएचके, टूबीएचके असं सगळं एकाच गल्लीत. आमच्या गल्लीत एका बिल्डिंगमध्ये बँकेतले काका मालकीच्या टूबीएचकेत राहतात, शेजारच्या बिल्डिंगमध्ये तीन नर्स मिळून वनआरके भाड्याने घेऊन राहतात, आणि दोघंही त्याच भाजीवाल्याकडून भाजी घेतात. ही सोय कुणी मोठा आराखडा काढून केलेली नाही, प्लॉट लहान होते म्हणून आपोआप झाली. नैनात हे मुद्दाम का करू नये?

---

टॉवर_नंबर_चार

कामोठेकर, तुमच्या कामोठ्यात मी भाड्याने राहिलोय म्हणून सांगतो, तुम्ही अर्धंच चित्र रंगवलंय. दुकानं आहेत खरं पण फुटपाथ त्या दुकानांनीच खाल्लेत, चक्कीवाल्याची पोती, हार्डवेअरवाल्याचे पाईप, चहाच्या टपरीची बाकडी, आणि उरलेल्या जागेत दुचाक्या. बायको गरोदर असताना रोज रस्त्याच्या मधून चालायची, मागून रिक्षा हॉर्न मारत यायची. ह्याला चालता येण्यासारखी वस्ती म्हणायचं?

आम्ही नंतर पनवेलजवळ मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये फ्लॅट घेतला. आत गाड्या नाहीत, सगळ्या पोडियमखाली, म्हणजे उंचावलेल्या अंगणाच्या खालच्या पार्किंगमध्ये. मुलगी खाली एकटी सायकल चालवते, माझे वडील रोज संध्याकाळी आतल्या आत चार फेऱ्या मारतात, कुत्रं मागे लागत नाही की झाकण नसलेलं गटार नाही. तुम्ही ज्याला भिंत म्हणून नावं ठेवताय तिच्या आत माझ्या घरातली लहान आणि म्हातारी माणसं चालतायत, आणि तुमच्या मोकळ्या रस्त्यावर ती चालू शकत नव्हती, एवढं साधं आहे.

---

नकाशावाला

मी आर्किटेक्ट आहे, लेआउट मंजुरीची कामं करतो. दोघांचं वाचलं, पण भिंतीचा हिशोब एकदा आकड्यात करून बघा.

दहा एकर म्हणजे साधारण ४०,००० चौरस मीटर, म्हणजे २०० मीटर बाय २०० मीटर धरा. भोवती ८०० मीटर भिंत, गेट एक, फारतर दोन. तुमची बिल्डिंग मागच्या भिंतीला लागून आहे आणि भिंतीपलीकडेच डेअरी आहे, खिडकीतून दिसतेय. तिथे जायला तुम्ही आधी २०० मीटर चालून पुढच्या गेटला येणार, मग भिंतीला वळसा घालून आणखी ४०० मीटर. तीस पावलांवरच्या दुधाला सहाशे मीटर जाणं आणि तेवढंच परत येणं, कोण चालेल? स्कूटर काढणार किंवा ॲपवरून मागवणार. आणि बाहेरून चालणाऱ्याचे हाल तर वेगळेच, दोनशे मीटर नुसती भिंत, ना दुकान ना दिवा ना कुणाची खिडकी. रात्री नऊनंतर त्या भिंतीकडेने बाई एकटी जात नाही. वडील आत चार फेऱ्या मारतात ते चांगलंच आहे, पण त्यांना स्वतःच्या पायांनी औषधाच्या दुकानात जाता येतं का? फेऱ्या मारणं हा व्यायाम झाला, चालत कामं होणं ही वेगळी गोष्ट.

आता हे का होतं, तर बिल्डरच्या आवडीनिवडीपेक्षा नियमांचा हात जास्त आहे. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० च्या डिसेंबरपासून जी एकत्रित नियमावली लागू झाली तिच्यात एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर चढत जातो. मोठ्या महापालिकांत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळचा १.१ एवढाच, आणि ३० मीटरच्या रस्त्यावर प्रीमियम (सरकारला पैसे भरून मिळणारा) आणि टीडीआर (दुसरीकडच्या जमिनीचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) धरून ३ पर्यंत. मग गल्लीत कोण बांधणार? प्रत्येकाला रुंद रस्त्यावर तोंड असलेला मोठा प्लॉट हवा. त्यात ४,००० चौरस मीटरच्या वर प्लॉट गेला की १० टक्के मोकळी जागा सोडायची, ती सोडतात आतल्या बाजूला, भिंतीच्या आत. म्हणजे शहराच्या बागेचा वाटा खाजगी होतो. नैनाची नियमावली वेगळी आहे, पण बिल्डर आणि सल्लागार तेच, सवयी त्याच.

---

खजिनदार_काका

चालण्याबद्दल तुमचं बरोबर असेल, पण लहान-मोठी घरं एकत्र ठेवा हा जो सूर आहे त्यावर मला बोलायचंय, कारण मी अशाच मिश्र सोसायटीचा बरीच वर्षं खजिनदार आहे. एका सोसायटीत वनआरके ते थ्रीबीएचके सगळं आहे.

आदर्श उपविधीप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं लागतं, चौरस फुटावर नाही. वॉचमन, लिफ्टची वीज, सफाई, ऑफिसचा खर्च यात वनआरकेवाला आणि थ्रीबीएचकेवाला सारखेच पैसे भरतात. पाणी नळांच्या संख्येवर, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी) बांधकामाच्या किमतीवर, ते ठीक. पण वनआरकेवाल्याच्या पगारात हा सारखा हिस्सा टोचतो हो. थ्रीबीएचकेवाले म्हणतात लॉबीला ग्रॅनाइट लावू, सीसीटीव्ही वाढवू, जिम करू. वनआरकेवाले म्हणतात आधी टाकीची गळती काढा. दरवर्षी वार्षिक सभा त्याच मुद्द्यावर मोडते. थकबाकीची यादी नोटीस बोर्डावर लावली की बहुतेक नावं लहान फ्लॅटवाल्यांची, आणि मग लोक तोंडावर टोमणे मारतात, त्यातून पोरांच्या खेळण्यापर्यंत भांडणं जातात. एका छपराखाली सगळे वर्ग नांदतील हे बोलायला छान आहे, निभवायला फार कठीण.

---

मावशीची_लेक

काका, तुमच्या सभेतलं भांडण मला समजतं, पण आमच्यासारखे कुठे राहायचे हेही सांगा मग. माझी आई एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरी स्वयंपाक करते. त्या कॉम्प्लेक्सच्या एक-दोन किलोमीटरच्या आत आम्हाला परवडेल असं एकही घर नाही, कारण आत सगळी टूबीएचके-थ्रीबीएचके आणि आजूबाजूलाही तशीच कॉम्प्लेक्सं. आई सकाळी सहाला निघते, शेअर रिक्षा, मग हायवेच्या कडेकडेने चालत, मग गेटवर पास दाखवून आत. म्हणजे तुमच्या वस्तीत सगळ्यात जास्त चालते ती माझी आई, आणि वस्ती आखताना तिचा विचार कुणीच केलेला नाही.

आणि नकाशावाला दादांना विचारायचंय, कायद्यात गरिबांच्या घरांसाठी जागा असते ना, ती जाते कुठे?

---

नकाशावाला

ताई, असते. नगररचना कायदा १९६६ चा, त्यात योजनेच्या एकूण क्षेत्राच्या १० टक्के किंवा त्याच्या जवळपास जमीन दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी आणि योजनेत विस्थापित होणाऱ्यांसाठी ठेवायची तरतूद आहे. शिवाय दहा लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि पुढच्या खाजगी लेआउटमध्ये २० टक्के छोटी घरं द्यावी लागतात, म्हाडाच्या लॉटरीत ती ‘२० टक्के योजना’ म्हणून येतात.

गोम कुठे आहे, तर ती जागा नकाशावर कुठे दाखवायची याचं बंधन ढिलं आहे. मग १० टक्के सगळे प्लॉट गोळा करून एका टोकाला, नाल्याच्या किंवा हाय टेन्शन लाईनच्या बाजूला, आणि २० टक्केवाली बिल्डिंग मागच्या कोपऱ्यात वेगळ्या गेटने. घरं मिळाली, पण ती वस्तीत मिळाली नाहीत. मी स्वतः अशी विनंती करणारे क्लायंट पाहिलेत की मागच्या रस्त्यावरून वेगळी एन्ट्री काढा.

खजिनदार काकांच्या मुद्द्यावर माझं उत्तर असं की मिसळ बिल्डिंगीत नको, गल्लीत हवी. वनआरकेवाल्यांची बिल्डिंग वेगळी, तिचा हिशोब वेगळा, लिफ्ट हवी की नको ते त्यांनी ठरवावं, पण ती त्याच गल्लीत थ्रीबीएचकेच्या बिल्डिंगीशेजारी हवी, म्हणजे शाळा तीच, भाजीवाला तोच, बसस्टॉप तोच. आणि हे तेव्हाच जमतं जेव्हा प्लॉट ५००-१,००० चौरस मीटरचे असतात. दहा एकर एकाच हातात गेलं की मिसळ त्याच्या मर्जीवर.

---

खजिनदार_काका

हे चालेल. वेगळी सोसायटी, वेगळं खातं, मग गल्ली एक असो. माझा विरोध एका खात्याला आहे.

---

सातबारा

सगळे शहरवाले आपापसात आमच्या जमिनीचे तुकडे पाडतायत म्हणून लिहितो. आमची जमीन योजनेत गेली, ४० टक्के परत मिळणार. आधीच साठ टक्के सोडले, आता उरलेल्या प्लॉटवर तुम्ही म्हणणार की मोठा करू नका, भिंत घालू नका, खाली दुकान ठेवा, आत गरिबांची बिल्डिंग ठेवा. एवढी सगळी समाजसेवा आम्हीच का करायची?

बाजारात काय चाललंय ते सांगतो. मोठा बिल्डर सुट्या प्लॉटला हात लावत नाही. तो म्हणतो चार भावांनी, शेजाऱ्यांनी प्लॉट एकत्र करून द्या, मग टॉवर लावतो, मग दर देतो. सुटा प्लॉट घेणारा लहान बिल्डर, त्याच्याकडे पैसा नाही, अर्ध्यात काम सोडतो. साडेबारा टक्क्यात हेच झालं. आमच्या नात्यातल्या कितीतरी लोकांचे करार झाले, बिल्डरने स्वतःचे फ्लॅट आधी विकले आणि मालकाच्या वाट्याचे फ्लॅट द्यायला वर्षानुवर्षं लावली. तुम्हाला ती कामोठ्याची गल्ली गोड वाटते, ती उभी करताना शेतकरी कुठे कुठे फसला हे पण लिहा.

---

कामोठेकर

सातबारा दादा, हे लिहायलाच हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. फसवणूक झाली हे खरंच आहे, पण ती प्लॉट लहान होता म्हणून झाली असं मला वाटत नाही, मालक एकटा आणि करार कच्चा होता म्हणून झाली. आता रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे. तो २०१७ पासून पूर्ण लागू झाला, ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टला नोंदणी लागते, खरेदीदाराच्या पैशातले ७० टक्के त्या प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. साडेबारा टक्क्याच्या काळात यातलं काहीच नव्हतं.

आणि दुसरं, मोठा बिल्डर प्लॉट एकत्र करून घेतो तेव्हा दर चांगला दिसतो, पण तुमच्या हातात शेवटी टॉवरमधले काही फ्लॅट येतात आणि जमीन कायमची जाते. सुट्या प्लॉटवर खाली चार गाळे स्वतःच्या नावावर ठेवले तर ते भाडं पुढच्या पिढीला येत राहतं. कोपरखैरण्यात, घणसोलीत कितीतरी आगरी कुटुंबांची घरं आज गाळ्यांच्या भाड्यावर चालतात. भिंतीआडच्या कॉम्प्लेक्समध्ये गाळाच नसतो, भाडं कसलं येणार?

---

रश्मी_पनवेल

मी कामोठेकरांच्या बाजूची आहे पण एक गोष्ट इथे कुणीच बोलत नाहीये म्हणून सांगते. माझ्या सासूबाई व्हीलचेअरवर असतात. लहान प्लॉटच्या गल्लीत फुटपाथ सपाट असा सलग कुठेच मिळत नाही, कारण प्रत्येक बिल्डिंगला स्वतःचं गेट, आणि प्रत्येक गेटसमोर गाडी चढायला फुटपाथ तोडून उतार केलेला. पंधरा-वीस मीटरवर एक उतार, मग परत चढ, मग परत उतार. मध्ये विजेचा डीपी, त्याच्या पुढे झाडाचा चौथरा. त्यांची खुर्ची ढकलताना माझे हात भरून येतात, शेवटी मी रस्त्यावरूनच नेते. फुटपाथ नावाला आहे. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषात निवासी भागात निदान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय, ती नुसती कागदावर मोजून होत नाही, सलग असली तरच उपयोग.

म्हणून लहान प्लॉट म्हणजे चालणं सोपं असं गणित मला मान्य नाही. लहान प्लॉट अधिक प्रत्येकाचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे उलट जास्त त्रास. खालचा मजला सगळा गाड्यांचा, दुकानंही तिथे जेमतेम दोन.

---

कामोठेकर

रश्मीताई, एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. यावर माझी सूचना अशी आहे की लहान प्लॉटवर पार्किंग सक्तीचं ठेवायचंच नाही, किंवा अगदी थोडं ठेवायचं, आणि प्रत्येक दोन-तीन गल्ल्यांमागे एक सार्वजनिक पार्किंगचा प्लॉट योजनेतच राखून ठेवायचा. ज्याला गाडी हवी त्याने तिथे महिन्याचं भाडं भरून लावायची. मग बिल्डिंगीसमोर गेट लागत नाही, फुटपाथ फुटत नाही, खालचा पूर्ण मजला दुकानांना किंवा म्हाताऱ्या माणसांच्या तळमजल्यावरच्या घरांना मिळतो. नाहीतर मागच्या बाजूने एक सेवा गल्ली काढायची, गाड्या, कचऱ्याची गाडी, गॅसचा टेम्पो सगळं तिकडून, पुढची बाजू चालणाऱ्यांची.

---

टॉवर_नंबर_चार

गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची? पावसाळ्यात, रात्री अकराला, झोपलेलं मूल खांद्यावर, हातात दोन पिशव्या. जो घराला ऐंशी लाख मोजतो तो हे मान्य करणार नाही. असे फ्लॅट विकले जाणार नाहीत, आणि लोक गाडी पार्किंगच्या प्लॉटवर लावणार नाहीत, तुमच्या त्या सुंदर फुटपाथवरच चढवतील. हवालदार रोज येऊन उचलणार आहे का?

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तुमची सगळी योजना एका गोष्टीवर उभी आहे, की रस्ता, गटार, दिवे, पाणी, बाग हे सरकार वेळेवर करेल आणि नंतर सांभाळेल. माझ्या कॉम्प्लेक्समध्ये उन्हाळ्यात टँकर येतात पण ते मागवायला एक ऑफिस आहे, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी आहे, झाडांना तेच पाणी घालतात, लिफ्टला जनरेटर आहे. हाच खर्च पाचशे चौरस मीटरच्या प्लॉटवरच्या बारा-पंधरा फ्लॅटवाल्यांना झेपणार आहे का? लहान सोसायटी पूर्ण उघडी पडते, महापालिकेचं पाणी नाही आलं की नाही. पनवेल महापालिका २०१६ ला झाली, तिला आधीचे सगळे नोड (सिडकोने वसवलेल्या वसाहती) सांभाळतानाच दम लागतोय. भिंत आम्ही हौसेने नाही घातली हो. आत जे आहे ते बाहेर मिळत नाही म्हणून घातली. बाहेर ते देऊन दाखवा, मी स्वतः भिंत पाडायचा ठराव मांडतो.

---

नकाशावाला

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पण याचा दुसरा अर्थ बघा. ज्यांना ओरडता येतं, ज्यांच्या ओळखी आहेत, वकील आहेत, असे सगळे लोक भिंतीच्या आत गेले की बाहेरच्या गटारासाठी कोण ओरडणार? आतल्यांना टँकर मिळाला की नळाचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटतो. त्यामुळे बाहेरची व्यवस्था आणखी ढासळते आणि मग पुढच्या माणसाला भिंत आणखी गरजेची वाटते. यातून बाहेर पडायचं तर एसटीपी, पाण्याची टाकी, पार्किंग हे गल्लीसमूहाच्या पातळीवर, योजनेच्या खर्चात, लोक राहायला यायच्या आधी झालं पाहिजे. प्लॉटवाटपाआधी सेवा वाहिन्या टाका ही मागणी तुम्ही आणि आम्ही मिळून करू शकतो, त्यात आपलं दोघांचं एकमत आहे.

---

निवृत्त_नेरूळ

मी सिडकोच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून इथे राहतो, माझा जन्म दादरच्या हिंदू कॉलनीतला, म्हणून दोन शब्द.

हे सगळं नवीन नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला, त्यांनी दादर-माटुंग्याची योजना केली, आधी रस्ते, गटारं, बागा आखल्या आणि मग प्लॉट दिले. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांना पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशीच नावं, दोन-तीन मजली भाड्याच्या इमारती, शाळा चालत, स्टेशन चालत, रुईया-पोदार कॉलेजं चालत. गल्लीला भिंत नव्हती पण अनोळखी माणूस आला की चार गॅलऱ्यांतून विचारणा व्हायची. टॉवरवाल्या मित्रांना जी सुरक्षितता हवीय ती अशीही मिळते. एक मात्र खरं, तिथेही गरिबाला जागा कमीच होती, ती मध्यमवर्गाची वस्ती होती, आणि शेजारची पारशी कॉलनी तर एका समाजापुरती.

गरिबाचा विचार करून आखलेली वस्ती बघायची तर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघा. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी केलं, सहा हेक्टरांत साधारण साडेपाचशे घरं. सात घरांच्या मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचा एक चौक, असे तीन चौक मिळून मोठा चौक. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे कमी पैसेवाल्याच्या आणि जास्त पैसेवाल्याच्या जमिनीत फार फरक नाही, घर मात्र ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. कुणाची भिंत सामाईक नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता वाढवता येतं. आज मूळ कौलारू घरं थोडीच उरलीत, लोकांनी पाडून दोन-तीन मजली बांधली, काही जण त्याला अपयश म्हणतात. मी म्हणतो वाढवायचीच मुभा दिली होती, ती लोकांनी वापरली. कमी उत्पन्नवाल्यांच्या हातून बरीच घरं गेली आणि ऐपतदार आले, हे मात्र झालं, आणि त्यावर उपाय त्या आराखड्यात नव्हता.

---

मावशीची_लेक

आजोबा, तुमचं शेवटचं वाक्य आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. मालकीचं छोटं घर दिलं की भाव वाढल्यावर ते विकलं जातं, कारण घरात आजारपण येतं, लग्न येतं, आणि हातात विकण्यासारखं तेवढंच असतं. आणि घेणारा आमच्यातला नसतो. म्हणून मला वाटतं १० टक्क्यांतली निदान अर्धी घरं भाड्याची ठेवावीत, मालकी सिडकोची, भाडं परवडेल असं. नर्स, वॉचमन, डिलिव्हरीवाली पोरं, नवीन लग्न झालेले, सगळ्यांना भाड्याचंच घर लागतं. इथे सगळे जण विकत घेणाऱ्याचाच विचार करतायत.

---

खजिनदार_काका

भाड्याची सरकारी घरं? दुरुस्ती कोण करणार? मुंबईत भाडं गोठलं आणि चाळी-इमारती मालकांनी सोडून दिल्या, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. भाडं एवढं कमी ठेवलं की त्यातून गळतीसुद्धा काढता येत नाही, मग दहा वर्षांत ती बिल्डिंग धोकादायक. तुझं दुःख खरं आहे पोरी, पण हा उपाय पैशाच्या बाजूने टिकत नाही.

---

मावशीची_लेक

भाडं गोठवा असं मी म्हटलंच नाही काका. दरवर्षी ठरलेल्या टक्क्याने वाढू दे, खालच्या गाळ्यांचं भाडं दुरुस्तीला लावा. नाक्यावरचा गाळा किती भाडं देतो ते कामोठेकरांना विचारा, एका बिल्डिंगीची रंगरंगोटी आणि गळती त्यातून निघेल. आत्ता आम्ही झोपडीला, चाळीच्या खोलीला जे भाडं भरतोच आहोत ते काही फुकट नाहीये.

---

कामोठेकर

मसुदा योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना कायद्यात ३० दिवस असतात, आणि लोक फक्त स्वतःच्या प्लॉटबद्दल हरकत टाकतात. मी इथल्या चर्चेतून चार गोष्टी लिहून देणार आहे. एक, कुठलाही निवासी तुकडा सलग १०० मीटरपेक्षा लांब नको, मधून लोकांना जायला यायला सार्वजनिक वाट हवी, मालक कुणीही असो. दोन, १० टक्के घरांचे प्लॉट एका कोपऱ्यात न ठेवता प्रत्येक बसस्टॉपच्या किंवा शाळेच्या जवळ विखरून. तीन, पार्किंगचे सामाईक प्लॉट, आणि रश्मीताईंच्या सांगण्याप्रमाणे मुख्य गल्लीच्या बाजूने गाडीचं गेट काढायला बंदी. चार, विकायला सुरुवात व्हायच्या आधी गटार आणि पाणी. फेरीवाल्यांच्या जागाही आधीच आखा, २०१४ चा कायदा आहेच, म्हणजे टॉवरवाल्या दादांना जो त्रास झाला तो पोती-बाकड्यांचा प्रश्न उभाच राहणार नाही.

---

टॉवर_नंबर_चार

चौथ्यावर माझी सही घ्या, दुसऱ्यालाही हरकत नाही. तिसऱ्याला विरोध करणारी हरकत मी स्वतः वेगळी टाकणार, घराखाली निदान एक गाडी हा माझा हक्क आहे असं मी मानतो. पहिल्यावर एवढंच की वाट काढा पण रात्री तिला फाटक लावायची परवानगी द्या.

---

रश्मी_पनवेल

फाटक लावलं की ते आठवड्यात कायमचं बंद होतं, नंतर किल्ली कुणाकडे तेच कळत नाही. फाटक नको.

---

सातबारा

कामोठेकर, गाळ्याच्या भाड्याचं तुमचं पटलं, घरी भावाला वाचून दाखवलं. मी हरकत टाकणार ती अशी: माझा प्लॉट कोपऱ्याचा द्या, गल्लीला तोंड असलेला द्या, खाली पूर्ण दुकानं काढायची परवानगी द्या, आणि पार्किंगची सक्ती काढता तर त्या जागेचा एफएसआय मला द्या, बिल्डरला नको. पण शेजाऱ्यांबरोबर प्लॉट एकत्र करायचा हक्क मी सोडणार नाही. तो १०० मीटरचा नियम घाला, मधून वाट जाऊ द्या, पण त्या वाटेखालची जमीन माझ्या ४० टक्क्यांतून कापायची नाही, ती तुमच्या ६० टक्क्यांतून काढा. हे लिहून देणार असाल तर गावातल्या पंचवीस-तीस जणांच्या सह्या मी आणतो.

---

कामोठेकर

वाट ६० टक्क्यांतून, हे लिहितो. एफएसआयचं वाक्य नकाशावाल्यांकडून नीट करून घेतो. रविवारी सकाळी पनवेलला भेटू, सातबाराचा उतारा आणि योजनेत मिळालेल्या प्लॉटचा नकाशा दोन्ही आणा.